किल्टच्या निऱ्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे 'किल्टला घरच्या घरी इस्त्री कशी करावी' हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. आठ्या घालविणे हाच आजचा विषय असल्यामुळे त्याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या कार्यवाहांनी आम्हांस दोनदा दूरध्वनी करून, 'विषय बदलण्याचा विचार आहे काय?' अशी आडवळणाने चौकशीही केली. याच व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत ज्ञानेश्वरीवर, लोकमान्यांवर, संगीत नाटकांवर विद्वानांनी भाषणे केली. आमच्यापाशी बी.ए.ची पदवी आणि केंद्र सरकारची तीस वर्षांची चाकरी यापलीकडे भांडवल नाही. तेव्हा ज्या एका बाबतीत आमचा हात प्रत्यक्ष पोळला आहे, तिच्याविषयी बोलावे हेच प्रामाणिकपणाचे, असे आम्ही ठरविले.

इस्त्रीचा आणि आमचा संबंध जुना. बदलीच्या गावी पहिल्या पंधरवड्यात घर मिळते, दूधवाला मिळतो, मुलांच्या शाळेचेही कसेबसे जमते. पण भरवशाचा धोबी मिळत नाही. त्यामुळे सामानाच्या ट्रंकेत सर्वांत वर इस्त्री ठेवण्याची आमच्या घरची पद्धत पडली. या देहरादूनपर्यंत सात गावे झाली आणि सातही गावी आमच्या सदऱ्यांना आम्हीच इस्त्री केली. या कामाचा आम्हांस थोडा अभिमानही होता. तो कोठे आणि कसा उतरला, तीच आजची हकीकत.

आमची कन्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये गेली, तेथेच नोकरीस लागली आणि तेथल्याच एका मुलाशी तिने विवाह ठरविला. २०२२ सालच्या सप्टेंबरात, परदेशी जाण्याची रीतसर सरकारी अनुमती पदरात पाडून घेऊन, आम्ही उभयता लग्नासाठी स्टर्लिंग येथे गेलो. वराचे वडील हयात नव्हते. घरात वराची आई आणि नव्वदीला टेकलेली आजी. लग्नात वराने आजोबांचा किल्ट नेसावा, अशी त्या आजीबाईंची इच्छा होती. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. किल्ट पेटीत घडी घालून ठेवलेला होता आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या निऱ्या पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारख्या झालेल्या होत्या.

किल्ट म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगावयास हवे. चित्रांत आणि चित्रपटांत आपण तो पाहिलेला असतो, आणि 'पुरुषांनी नेसावयाचा घागरा' एवढीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते मोठ्या हिशेबाचे वस्त्र आहे. उत्तम किल्टला आठ वार कापड लागते. आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी! कापड लोकरीचे, घट्ट पिळाच्या सुताचे आणि चौकड्यांचे असते. या चौकड्यांच्या कापडास टार्टन म्हणतात. दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड घेऊन ते लांबीत मधोमध कापतात, दोन तुकडे जोडून आठ वार लांबी करतात, आणि जोड एका निरीच्या पोटात लपवितात. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर, आणि सगळ्या निऱ्या पाठीमागे. त्यांची संख्या साधारणपणे पंचविसापासून तिसापर्यंत असते. कमरेपासून नितंबापर्यंत त्या शिवून पक्क्या केलेल्या असतात. तेथून खाली गुडघ्यापर्यंत मोकळ्या. खालच्या कडेला दुमडून घातलेली शिवण नसते, कापडाची मूळ किनारच तेथे आणलेली असते. म्हणजे निरी चुकली तर लपविण्यास जागा नाही.

निऱ्या घालण्याच्याही दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक निरी अशी दुमडतात की पाठीमागेही चौकड्यांची नक्षी अखंड दिसावी. दुसरीत प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच ठरावीक पट्टा यावा अशी योजना असते, आणि चालताना निऱ्या हलल्या की आतले रंग क्षणभर दिसून पुन्हा लपतात. ही दुसरी रीत पलटणींची. आपल्या सैन्यातील बॅगपाइपची वाद्यपथके २९ जानेवारीस दिल्लीच्या 'बीटिंग रिट्रीट' समारंभात आपण पाहतो. त्या वाद्याची परंपरा हिंदुस्थानात आणणाऱ्यांत हायलंडच्या पलटणींचा मोठा वाटा होता.

हे वस्त्र आज राष्ट्रीय म्हणून मिरविले जाते. पण एके काळी ते नेसणे हा गुन्हा होता. मूळचा किल्ट म्हणजे न शिवलेले लांबलचक पांघरूणच. त्याच्या निऱ्या रोज सकाळी हाताने घालावयाच्या, वर पट्टा आवळावयाचा आणि उरलेले कापड खांद्यावर घ्यावयाचे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा खालचा अर्धाच भाग वेगळा नेसण्याची चाल पडली. १७४५ सालचे बंड मोडल्यावर १७४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून पुरुषांना व मुलांना हायलंडचा पोशाख वापरण्यास बंदी झाली. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. राजाच्या सैन्यात भरती झालेल्यांना मात्र सूट. हा कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. मध्ये पस्तीस वर्षे गेली. पस्तीस वर्षांत एक पिढी म्हातारी होते आणि दुसरी वडिलांना त्या पोशाखात न पाहताच मोठी होते. कायदा उठला, पण सामान्य शेतकऱ्याच्या अंगावर तो पोशाख पूर्वीसारखा परतला नाही. तो टिकला पलटणींत, आणि पुन्हा वर आला तो लंडनमध्ये जाऊन राहिलेल्या हायलंडच्या लोकांच्या खटपटीने! १७७८ साली त्यांनी तेथे 'हायलंड सोसायटी' स्थापन केली होती, आणि बंदी उठविण्यासाठी तिनेच प्रयत्न केले. परगावी जाऊन मंडळे स्थापन करणारी माणसे केवळ आपल्यातच आहेत, असे नाही. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या स्वागताची सारी आखणी केली आणि स्वतः राजानेच किल्ट नेसला. गुन्ह्याचा पोशाख दरबारी पोशाख झाला.

असो. लग्नाला चार दिवस उरले होते. गावातल्या धुलाईच्या दुकानात किल्ट देण्यास आजीबाईंचा विरोध होता. पूर्वी एकदा कोणा दुकानदाराने त्याच्या निऱ्या भलत्याच ठिकाणी दाबून दिल्या होत्या, तो राग त्यांच्या मनात कायम होता. स्वतः करावे, तर संधिवाताने बोटे वाकलेली. सूनबाई लग्नाच्या धावपळीत. हे सर्व पाहून आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, 'आम्ही करतो. इस्त्रीचे काम आमच्या हातचे आहे.'

कोणी पाहत नसताना आम्ही ते काम सुरू केले. सुरुवातीला सोपे म्हणून पुढच्या सपाट पदरापासून आरंभ केला. सदऱ्याला लावतो तशी तापलेली इस्त्री ठेवली आणि सवयीने सर्रकन् पुढे नेली. उचलून पाहतो, तो पदराच्या मधोमध वीतभर लांबीचा एक चकाकणारा पट्टा! अंगचा हिरवा-निळा रंग जाऊन तेथे पत्र्यासारखी झळाळी आली होती. आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, हे काय करून बसलात!"

बंधुभगिनींनो, कचेरीत चूक झाली तर टिपणी लिहिता येते, फाइल वर पाठविता येते. येथे फाइल पाठविण्यास जागा नव्हती. मुलीच्या सासरचे घर, दिवंगत माणसाचे वस्त्र, आणि चार दिवसांवर आलेले लग्न. आम्ही किल्ट हातात घेऊन आजीबाईंच्या खोलीत गेलो आणि जे झाले ते सांगितले. त्यांनी चष्मा चढविला, कापड उजेडात धरले, वास घेतला, आणि म्हणाल्या की जळलेले नाही, नुसते चकाकले आहे. जळलेल्यावर उपाय नाही, यावर आहे. मग त्यांनी खुर्ची स्वयंपाकघरात ओढून मागविली आणि तेथून पुढचे दोन दिवस त्या मुखाने सांगत राहिल्या, सौभाग्यवतींनी सुईदोरा धरला, आणि आम्ही शिकाऊ उमेदवाराप्रमाणे इस्त्री सांभाळली.

आता मुख्य विषय. जे शिकलो ते क्रमाने सांगतो. आपल्या घरांतून लोकरीचे कोट, मुलींचे चुण्यांचे गणवेश असतातच. त्यांनाही हे लागू पडेल.

पहिली गोष्ट, इस्त्रीपूर्वी धूळ. मऊ ब्रशाने निऱ्यांच्या पोटातली धूळ काढावयाची. धूळ राहिली तर उष्णतेने ती कापडात बसते.

दुसरी गोष्ट, टाचणे. इस्त्रीचे खरे काम येथेच होते. किल्ट टेबलावर उलगडून एकेक निरी तिच्या मूळ रेषेवर आणावयाची. रेषा कशी ओळखावी? चौकड्या सांगतात. शेजारच्या दोन निऱ्यांवरील आडव्या पट्ट्या एका ओळीत आल्या, म्हणजे निरी आपल्या जागी बसली. मग पांढऱ्या सुती दोऱ्याने, लांब कच्च्या टाक्यांनी, प्रत्येक निरीची कड खालच्या निरीस टाचावयाची. एक ओळ तळाच्या किनारीच्या जरा वर, दुसरी मध्यावर, तिसरी पक्क्या शिवणीच्या लगेच खाली. सौभाग्यवतींना इंग्रजीचा सराव कमी. पण गोधडीचा धावदोरा त्यांच्या हातात लहानपणापासूनचा. आजीबाईंनी पहिले चार टाके पाहिले आणि पुढे सांगणे बंद केले. त्या एका कामाला अडीच तास लागले. आमच्यासारखे लोक हीच पायरी गाळतात आणि मग निऱ्यांना दुहेरी रेघा पडतात.

तिसरी गोष्ट, जागा. इस्त्रीची अरुंद फळी येथे उपयोगाची नाही; अर्धे कापड लोंबते आणि आपल्या वजनाने निऱ्या ओढते. जेवणाच्या टेबलावर लोकरीची घोंगडी चौघडी करून घालावी, वर स्वच्छ पांढरी चादर.

चौथी गोष्ट, ओले फडके. इस्त्री लोकरीला उघडी लावावयाची नाही. सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, निऱ्यांवर पसरावे आणि त्यावर इस्त्री ठेवावी. 'ठेवावी' म्हणजे ठेवावीच, फिरवू नये. ठेवावी, दाबावी, उचलावी, पुढच्या जागी ठेवावी. फिरविलेल्या इस्त्रीने निरी सरकते, आणि कोरड्या इस्त्रीने लोकरीच्या तंतूवरचे खवले चपटे होऊन कापड चकाकते. आमच्या हातून तेच झाले होते. आधी आतल्या बाजूने, मग बाहेरच्या बाजूने. कमरेपाशी, जेथे आत कॅनव्हास आणि अस्तर असते, तेथे नुसती वाफ, जोर नाही.

पाचवी गोष्ट आम्हांस सर्वांत कठीण गेली. ती म्हणजे थांबणे. इस्त्री उचलताच आजीबाई त्या जागेवर एक गुळगुळीत लाकडी ठोकळा दाबून धरावयास लावीत आणि कापड थंड होईपर्यंत उचलू देत नसत. आम्हांस वाटे, ही म्हातारपणाची शिस्त. पुढे वाचनात आले, ते असे. लोकर ज्या केराटिन नावाच्या द्रव्याची बनते, त्याच्या रेणूंच्या साखळ्या हलक्या बंधांनी एकमेकींस धरून असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की हे बंध सुटतात. थंड होताना, कापड ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणजे निरी बसते ती इस्त्रीखाली नव्हे, इस्त्री उचलल्यानंतर! हा बंध पुन्हा भिजला की सुटतो. म्हणून पावसात किल्टच्या निऱ्या मोडतात. रासायनिक क्रियेने लोकरीची घडी कायम करण्याची युक्ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने १९५७ साली काढली. आजीबाईंचे शास्त्र त्याहून जुने होते आणि एका लाकडी ठोकळ्यात मावत होते.

सहावी गोष्ट, रात्रभर तसेच राहू द्यावे आणि सकाळी टाके काढावे. दोरा ओढून काढू नये. थोड्या थोड्या अंतरावर कापून काढावा.

राहिला आमचा चकाकणारा पट्टा. त्यावर ओल्या फडक्यातून भरपूर वाफ दिली, इस्त्री जवळजवळ अधांतरी धरून. आणि लगेच मऊ ब्रशाने तंतू उभे केले. असे चार-पाच वेळा केल्यावर बराचसा गेला. बोटभर रेघ मात्र राहिली. आम्ही ओशाळून उभे होतो. तेव्हा आजीबाईंनी कपाटातून आजोबांचा स्पोरन काढावयास सांगितले. स्पोरन म्हणजे किल्टच्या पुढे साखळीने लटकवावयाचा कातडी बटवा; आपल्या आजोबांच्या चंचीचा थोरला भाऊ. तो नेमका त्या रेघेवर आला. आजीबाई म्हणाल्या की, यांनीही एकदा तेथेच चहा सांडला होता आणि जन्मभर कोणाला कळले नाही. लग्नात जावईबापू ताठ उभे होते आणि आमची नजर सबंध वेळ त्या बटव्यावर होती.

लग्नाच्या दिवशी सौभाग्यवतींनी नऊवारी नेसली होती, त्यांच्या आईची. आजीबाईंनी त्यांना जवळ बोलाविले, निऱ्यांना हात लावला आणि विचारले, 'यांना टाके कुठे आहेत?' टाके नाहीत, असे कन्येने सांगितले. 'पट्टा? बक्कल? टाचणी?' काहीही नाही. नुसत्या निऱ्या, खोचणे आणि काष्टा. आजीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज रोज सकाळी हाताने जे करीत आणि त्यांच्या देशात शिवणीमागे जे लपून गेले, ते त्यांच्यासमोर एक बाई सहज नेसून उभी होती. मग त्यांनी कन्येकडे वळून सहज विचारले, 'तुला येते का हे?'

कन्येच्या अंगावरही नऊवारीच होती; पण ती पुण्याहून मागविलेली, शिवलेली, परकरासारखी चढवावयाची. ती गप्प राहिली. आम्हीही गप्प राहिलो. सात गावी ट्रंकेत सर्वांत वर इस्त्री ठेवणाऱ्या आम्हांस, 'मुलीला नऊवारी नेसायला शिकव' असे तीस वर्षांत एकदाही म्हणण्याचे सुचले नव्हते. दोष मुलीचा नव्हता. आमच्यावर तर कोणत्याही कायद्याची बंदी नव्हती. आणि शिवलेल्या नऊवारीलाही आम्ही नावे ठेवीत नाही. किल्टही शिवलेलाच आहे, आणि शिवला म्हणूनच टिकला, असे म्हणता येईल. पण शिवणारा कोणी तरी असतो, आणि त्याला मूळ निरी कशी पडते हे ठाऊक असावे लागते.

२०२४ च्या हिवाळ्यात आजीबाई निवर्तल्या. पुढे काही महिन्यांनी एका रात्री कन्येचा दूरध्वनी आला. एका समारंभासाठी किल्ट काढला आहे, निऱ्या मोडल्या आहेत, सासूबाईंना टाचण्याची रीत आठवत नाही, "आई, त्या तीन ओळी कुठून कुठून घालायच्या?" सौभाग्यवती येथे, देहरादूनच्या स्वयंपाकघरात, हातात पोळपाट-लाटणे असताना सांगत होत्या, आणि तिकडे स्टर्लिंगमध्ये, त्याच टेबलावर, आमची कन्या टाके घालीत होती. आम्ही मध्येच दूरध्वनी घेऊन एवढेच सांगितले की, इस्त्री फिरवू नकोस, आणि थंड होईपर्यंत थांब. स्कॉटलंडच्या एका म्हातारीची विद्या त्या घरात उरली नव्हती. ती आमच्या घरी ठेव म्हणून राहिली होती, आणि व्याजासह परत गेली. व्याज असे की, काम संपल्यावर कन्या म्हणाली, "आई, आता डिसेंबरात येईन तेव्हा आजीची नऊवारी काढून ठेव."

ती डिसेंबरात आली. पहिल्या दिवशी निऱ्या सुटल्या, दुसऱ्या दिवशी काष्टा सुटला, चौथ्या दिवशी ती नेसून बाजारात जाऊन आली.

अध्यक्षमहाराज, भाषणाचा शेवट ठरावाने करण्याची आमच्या खात्याची सवय आहे. मंडळाच्या या पन्नासाव्या वर्षी आमची एकच सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी तासभर वेळ राखून ठेवावा. ज्यांना न शिवलेली नऊवारी नेसविता येते, अशा या सभागृहात आमच्या मोजणीने पाच भगिनी आहेत. त्यांतील तिघी सत्तरीच्या पुढच्या. त्यांना खुर्चीत बसवावे आणि त्यांनी सांगावे. ज्या मुलींना हौस असेल त्यांनी शिकावे. जुनी लुगडी पेटीत चुरगळलेली असतील, हे उघड आहे. त्यासाठी टेबल, घोंगडी, पांढरी चादर आणि ओले फडके घेऊन आम्ही सकाळी नऊ वाजता हजर राहू. रेशमी आणि जरीच्या लुगड्यांना फडके कोरडे घेऊ, इस्त्री मंद ठेवू आणि जर आतल्या बाजूने दाबू, याची खात्री बाळगावी. इस्त्री आम्ही आता फिरवीत नाही, ठेवतो.

 कपाळावरच्या आठ्या गेल्या असतील, अशी आशा करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!